होडीतली बिस्किटं

डब्यावर ठेवलेला फोन खडखडला आणि तीन दिवस मुक्या पडलेल्या स्वयंपाकघरात मी दचकले. नवऱ्याचं जहाज बुडाल्यापासून मी त्याच फोनकडे बघत होते.

"मीच बोलतोय गं. लाईफबोटीत होतो. आज मच्छीमारांनी उचललं."

मी ओट्याशीच खाली बसले. "जेवलास का?" एवढंच सुचलं.

नवरा हसला. जहाजावरच्या आचाऱ्यालाच मी हे विचारत होते. "बोटीत नुसती बिस्किटं होती. आम्ही अठरा जण. तिथेही वाढपी मीच."

स्पीकरवर सगळं ऐकणारी आमची जुई मांडीत शिरली. "गोड होती का, बाबा?"

"पिठासारखी. तुझ्यासाठी एक ठेवलंय."

फोन ठेवून मी तिला घट्ट धरलं. ती मात्र अठराच्या पुढे बोटं मोजत होती.

"आई, बाबा तर बावीस जणांचा स्वयंपाक करतात ना? मग बाकीचे चौघे कुठे जेवले?"