थैलीची डावी कड

"ह्या थैलीत कुणी हातच घातलेला न्हाई, जावईबापू."

नागोरावांनी भिंग खाली ठेवलं आणि चहाचा कप उचलला. उजवा हात थरथरला. निम्मा चहा बशीत उतरला. सुरुचीनं सवयीनं बशी उचलली, सिंकमध्ये रिकामी केली आणि पुसून वडिलांपुढे ठेवली. दोन वर्षं हेच चाललं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या वेळेवर संपत होत्या, थरथर संपत नव्हती.

सलिलनं पुतळा परत हातात घेतला. बोटभर उंचीचा घोडेस्वार जासूद. डाव्या हातात लगाम, पुढे केलेल्या उजव्या हातात खलिता, गळ्यातून पोटावर आलेली चामड्याची थैली. घोडा उत्तम, मिश्या उत्तम. घोटाळा थैलीचा. सदाशिव पेठेत दरवर्षी असल्या चिमुकल्या पुतळ्यांचं प्रदर्शन भरे आणि परीक्षक सत्यशीलाबाई प्रत्येक पुतळ्यापुढे अभिप्रायाचं कार्ड ठेवत. सलिलच्या कार्डावर तीन वर्षं दोनच शब्द होते. 'चामडे नवीन.' पहिल्या वर्षी त्याला ती स्तुती वाटली. त्यानं कार्ड फ्रिजवर लावलं. दुसऱ्या वर्षी सुरुचीनं शांतपणे विचारलं, "नवीन म्हणजे प्लास्टिकचं, असं तर म्हणायचं नसेल ना त्यांना?" तिसऱ्या वर्षी फ्रिजवर कार्ड नव्हतं. यंदा काही झालं तरी ते दोन शब्द नकोत, एवढंच सलिलचं मागणं होतं. बक्षिसाचं आपल्याला काही नाही, असं तो सांगे. घरात त्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

नागोराव उठले आणि कपाटावरून आपली पिशवी काढून आणली. बत्तीस वर्षं ते बसचे कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं नारळ आणि शाल दिली. त्यांनी भंगारात निघालेली आपली चामड्याची पिशवी तेवढी मागून घेतली होती.

"बघा. हात लागतो तिथं काळं. घासतं तिथं पांढुरकं. शिवणीत मळ. बाकीचं हाय तसंच."

सलिल कारखान्यात सुटे भाग तपासायचा. जे दिसतं ते, जिथं दिसतं तिथं, केसभर इकडेतिकडे नाही. आठ दिवस रोज संध्याकाळी तो पिशवी समोर ठेवून बसला. आधी साधा तपकिरी. घड्यांत गडद. कडांना पिवळट ओरखडे. शिवणीत पाण्यासारखा पातळ काळा. शेवटी चकाकी घालवणारं वार्निश. नखाएवढी थैली एकदम बत्तीस वर्षं म्हातारी झाली.

शनिवारी सत्यशीलाबाई भिंग घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या आणि थांबल्या. त्या थांबतात हीच बातमी असे.

"चामडं जमलं," त्या म्हणाल्या. सलिल हसणार, तेवढ्यात त्यांनी भिंग जवळ नेलं. "पण थैलीच्या तोंडाची डावी कडच काय ती झिजलीये. उजवी कोरी. म्हणजे तुमचा जासूद डावखुरा. मग खलिता उजव्या हातात कसा? तुम्ही हातात कोंबलात?"

"चूक झाली, बाई."

"उद्या दहाला निकाल. न्या घरी. कड रंगवायला अर्धा तास पुष्कळ झाला."

बिबवेवाडीला घरी पोचताच सलिलनं पिशवी पुन्हा पाहिली. डावी कड हाताच्या तेलानं काळीभोर. उजवीची शिवण अजून शाबूत. त्यानं केसभरही चूक केली नव्हती.

"अण्णा, तुम्ही डावखुरे आहात?"

फाटकी नोट पुढे यावी तसे नागोराव त्याच्याकडे बघत राहिले.

"व्हतो," ते म्हणाले. "मास्तरांनी पट्टीनं मोडलं. लिवणं, जेवणं गेलं उजव्यावर. पर गर्दीत पिशवीत हात जायचा तो डावाच. डाव्यानं सुट्टे दिले की लोकांना राग यायचा. एका बाईनं सायबाकडं अर्ज केला. तवापासून काढायचं डाव्यानं, उजव्यात घ्यायचं, मग द्यायचं. बत्तीस वर्सं."

"आम्हाला कधी बोलला नाहीत ते!" सुरुची म्हणाली.

"तुम्ही कधी तिकीट काढलं?"

सलिल ब्रश घेऊन बसला. काम अर्ध्या तासाचंच होतं. उजवी कड काळी करायची, डावीवर तपकिरी फिरवायचा, की जासूद सरळ. त्यानं ब्रश रंगात बुडवला. थैलीपर्यंत नेला. मग पाण्यात धुऊन ठेवला आणि ब्लेड शोधायला उठला.

रविवारी सकाळी साडेनऊला पुतळा वाळला. लगाम उजव्या हातात गेला होता, खलिता डाव्या. थैलीला त्यानं हात लावला नव्हता.

दुपारी तो कार्ड घेऊन परतला. 'चामडे वापरातले.' बक्षीस दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं होतं. सलिल म्हणाला, बक्षिसाचं आपल्याला काही नाही. या वेळी घरात विश्वास ठेवला गेला.

नागोरावांनी जासूद टेबलावर ठेवून भिंग लावलं.

"डावा हात पुढं केलाय," ते म्हणाले. "बाईंनी तक्रार न्हाई केली?"

"नाही, अण्णा. खलिता घेतला त्यांनी."

सुरुचीनं चहा आणला. नागोरावांचा उजवा हात कपाकडे निघाला आणि वाटेत थांबला. मग मांडीवरचा डावा हात उठला, जरा अवघडत, नव्या पाहुण्यासारखा. त्यांनी कप उचलला, सावकाश संपवला, खाली ठेवला.

सुरुचीनं सवयीनं बशी उचलली. बशी कोरडी होती.