शेवटचे कप्पे

तिचं म्हणणं सिद्ध झालं तर तिच्या पदरात डॉक्टरेट पडणार होती, पाठोपाठ संग्रहालयातली कायमची नोकरी; जाणार होतं ते फक्त सरांनी वीस वर्षांपूर्वी एका जीवाश्म शंखाला दिलेलं नाव. सर अडून बसणार, म्हणून ती कंबर कसूनच आली होती.

"सर, शंखाची वाढ पुरी झाली की आतले शेवटचे कप्पे दाटीवाटीने येतात. यात ते आलेच नाहीत. ही वेगळी जात नाही, जुन्याच जातीचं न वाढलेलं पिल्लू आहे. नाव रद्द करावं लागेल."

सरांनी भिंगातून दोनदा पाहिलं, "बरोबर आहे तुझं" म्हणत सही केली आणि डबीवरच्या चिठ्ठीतलं नाव स्वतःच खोडलं.



"लेक गेली तेव्हा शाळेच्या पटावरून तिचं नाव काढायलाही मीच गेलो होतो. एवढ्या एकाच ठिकाणी राहिलं होतं."