बिनगाठीचा पट्टा

शेवंती उंबऱ्याशी येऊन थांबली. उजवा पाय उचलायचा आणि पलीकडे टाकायचा, एवढंच काम. तिने चौकट दोन्ही हातांनी धरली. पाय बोटभर वर झाला आणि जांघेच्या हाडात पहार खुपसावी तशी कळ उठली. पाय होता तिथेच टेकला.

ओटीवर बसलेली सुईण गंगुबाई तंबाखू मळता मळता ते पाहत होती. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून ती सकाळीच होडीने आली होती.

"कवापासून?"

"पंधरा दिवस झाले. कुशीवर वळतानापण तसंच. यांनी कल्याणला डॉक्टरकडं नेलेलं. ते म्हणाले, सातवा हाय, मूल चांगलं हाय."

"मुलाचं सांगितलं. तुझं काय सांगितलं?"



आतून, चुलीपुढून, सासू बायजा म्हणाली, "आम्ही पोटुशी असताना मिठाच्या पाट्या वाहिल्या. आताच्या पोरी..." आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. त्यात टोचणी नव्हती, धास्ती होती. दोन दिवसांपूर्वी ती भाताच्या तोपाशी पुटपुटली होती, जिला उंबरा ओलांडवत नाय ती बाळंत कशी होणार? शेवंतीने ते ऐकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पावलाला तिच्याही मनात तेच येई.

गंगुबाई आत आली. शेवंतीला खांबाला धरून उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे उकिडवी बसली. दोन्ही खुब्यांवर तळवे ठेवून तिने ते आत दाबून धरले.

"आता उचल."

"नको."

"उचल गो."

पाय उचलला गेला. गुडघा वर आला. कळ होती, पण लांब. शेजारच्या घरातल्या भांडणासारखी. शेवंतीने खाली पाहिलं. पोटाआड पाऊल दिसत नव्हतं, तरी ती पाहत राहिली.

गंगुबाईने हात काढले. पाय धपकन खाली आला आणि शेवंती कळवळली.

"सांधा सैल झालाय. त्याला धरणारं कोणी हवं, मग चालशील. मी काय बाळंत होईपर्यंत तुझे खुबे धरून फिरू?" गंगुबाई उठली. "बायजे, कापड हाय का जाडसर? वीतभर पट्टा फाड. पोटाखालून घ्यायचा, खुब्यांवरून मागं आवळायचा. पोरी, निजलीस की गुडघे जुळवून वळ. फाकून बांध ओलांडू नको, फेरा पडला तरी चालंल."

रेशनवर मिळालेला मांजरपाट पेटीत होता. बायजाने तो आणला, स्वतःच टर्रकन फाडला. गंगुबाईने पट्टा पोटाखालून घेतला, मागे टोकं एकावर एक ओढली आणि ती बांधायला लागली. तेवढ्यात तिच्या हातावर बायजाचा हात आला.

"गाठ नको."

"अगं, गाठीशिवाय राहील कसा?"

"गोदाच्या वेळी, बाळंतपण अडू नये म्हणून, घरातलं बांधलेलं सगळं सोडलं होतं मी. पेट्या उघडल्या, गोणींची तोंडं सोडली, गुरांची दावी सोडली. तिच्या पदराला एक गाठ राहिली ती दिसली नाय मला."

गोदा ही बायजाची लेक, पहिल्याच बाळंतपणात गेलेली. चार वर्षांत या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

गंगुबाईने टोकं तशीच हातात धरली. "मीच होते ना तेव्हा, बायजे. गाठीनं नाय गेली ती. रक्त थांबलं नाय."

"ठाऊक हाय मला," बायजा म्हणाली. "तरी नको."

गंगुबाईने टोकं खोचून पाहिली. शेवंती दोन पावलं चालली आणि पट्टा घसरला. पुन्हा खोचला, पुन्हा घसरला. पिन लावली तर ताणाने उघडेल आणि अंगात शिरेल, असं म्हणून गंगुबाईने तो नादही सोडला. ती पट्टा गुंडाळू लागली.

"मग पडून काढ दोन महिने. दुसरं काय."

शेवंतीने कोपऱ्यातल्या गोधडीकडे पाहिलं. सासूपुढे ती फारसं बोलत नसे.

"आई, मला चालायचंय."

बायजाने गंगुबाईच्या हातातून पट्टा घेतला. सुनेच्या पोटाखालून नेला, मागे फिरवला आणि दोन्ही टोकांचे पीळ आपल्या दोन मुठींभोवती घेतले.

"एवढं?"

"अजून."

"एवढं?"

"हां."

"आणि हात भरून आले की?" गंगुबाईने विचारलं.

"मग बसू दोघी."

पुढे शेवंती, मागे बायजा, अशा त्या उंबरा ओलांडून अंगणात आल्या आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. दिवा गावच्या मिठागरावरून पाट्या घेऊन येणाऱ्या बाया वाटेत थबकल्या. त्यांतली जनाबाई तोंडाची फटकळ.

"काय गो बायजे, सुनंला दावं लावलंस? पळून जाते की काय?"

बाकीच्या हसल्या. बायजाने मुठी ढिल्या केल्या नाहीत.

"मागल्या खेपेला सगळं सोडून बघितलं," ती म्हणाली. "या खेपेला धरून बघते."

बायांनी वाट दिली. शेवंतीला पाठीमागे सासूचा श्वास ऐकू येत होता, चढलेला. तिने पाऊल लहान केलं, मागच्या पायांना जमेल एवढं.