एकही बदक नसलेलं घर

"आमच्या घरात पक्षी नाहीत," शौकियाने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि गच्चीवरचं बदक तिसऱ्यांदा ओरडलं.

सरकारी प्रयोगशाळेच्या वफा डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या खाटेवरच्या पाच वर्षांच्या बस्माकडे पाहत होत्या. पोर तीन दिवस तापाने फणफणली होती आणि सकाळपासून तिला धाप लागत होती.

"पक्षी मारायला पोती घेऊन येतात, ते दुसरे. माझ्याकडे नाकात घालायच्या काड्या आहेत. नाईलपलीकडच्या गावात बदकं कशाने मेली, ते आमच्या प्रयोगशाळेने शोधलंय. हिला तेच झालं असेल तर औषध माझ्या पिशवीत आहे, पण ते आत्ताच सुरू करायला हवं. पोर बदकांजवळ गेली होती?"

"गच्चीवर तर मी तिला पाऊल ठेवू देत नाही. सासूबाईंची शपथ."

"सासूची शपथ कुणीही घेईल गं. पोरीची घे."

शौकियाचा हात बस्माच्या कपाळाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"गेल्या आठवड्यात पोतीवाले आले," ती मान खाली घालून म्हणाली. "तेव्हा सातही बदकं चोची बांधून हिच्या पांघरुणात लपवली. आजारी पोरीचं पांघरूण कुठला सरकारी माणूस ओढतो?"

"म्हणजे तेव्हापासून आजारी आहे ही?"

"नाही हो डॉक्टरीणबाई. तेव्हा ठणठणीत होती. कण्हायचं कसं, ते मीच तिला शिकवलं."