ज्यांना चालता येतं ते आधी

कौन्सिलचा माणूस म्हणाला, अजून काहीच ठरलेलं नाही, आणि मेव्हिसला कळलं की सगळं ठरलेलं आहे.

कॅलम त्याचं नाव. पोरसवदा, नम्र. आल्याआल्या त्याने बिस्किटांचा डबा उघडून टेबलावर ठेवला होता. रोवन कोर्ट या कौन्सिलच्या वृद्धांसाठीच्या इमारतीतल्या बैठकीच्या खोलीत म्हातारी मंडळी भिंतीला खुर्च्या लावून बसली होती आणि तो त्यांना समजावत होता. तो म्हणाला, ही इमारत तुमच्या आईवडिलांच्या पिढीसाठी बांधलेली. एकेक खोली, त्यातच पलंग, त्यातच शेगडी. अख्ख्या मजल्याला एक न्हाणीघर. लिफ्ट बसवायला जागा नाही. आहे तशी राखायची की पाडायची, हे तुम्हाला विचारूनच कौन्सिल ठरवील.

मेव्हिसने दारोदार फिरून सगळ्यांना विरोधासाठी तयार केलं होतं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की आम्हाला चार गावांत चार ठिकाणी टाकलंत, तर आमच्यातलं कोण मेलं हे आम्हाला पेपरात वाचावं लागेल. क्लिफर्डने टेबलावर मूठ आपटली. स्टॅन म्हणाला, मला इथून न्यायचं तर शवपेटीतूनच न्या. सगळे हसले. कॅलमही हसला.

"आता आमच्या आयव्हीला विचारा," मेव्हिस म्हणाली. "मुद्दाम खाली आणलंय तिला."

आयव्ही वरच्या मजल्यावर मेव्हिसच्या शेजारच्या खोलीत राहायची. क्लिफर्ड आणि स्टॅनने तिला चाकाच्या खुर्चीसकट उचलून जिना उतरवला होता. हिवाळा संपल्यापासून ती पहिल्यांदाच खाली येत होती, म्हणून तिने ठेवणीतलं निळं लोकरी कार्डिगन घातलं होतं. तिने चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि कप मेव्हिसच्या हातात दिला.

"पाडा," ती म्हणाली.

मेव्हिसला वाटलं, हिला प्रश्न नीट ऐकू आला नाही. तिने वाकून तो तिच्या कानाशी पुन्हा सांगितला.

"मला ऐकू येतंय, मेव्हिस." मग आयव्हीने कॅलमकडे पाहिलं. "न्हाणीघराच्या दारातून माझी खुर्ची आत जात नाही, बाळा. ही रोज सकाळी पातेलंभर गरम पाणी आणते आणि मला पुसून काढते. तान्ह्या पोराला पुसावं तसं. फार मायेनं करते रे. आणि रोज मला वाटतं, हे नको. मला एकदा दार लावून घेऊन एकटीनं आंघोळ करायचीय."

मेव्हिस हातात कप घेऊन तशीच उभी राहिली. खोली ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर टॉवेल गरम करून ठेवायचा, पाणी फार कढत नाही ना ते कोपराने बघायचं, आयव्ही गिरणीतल्या दिवसांच्या चावट गोष्टी सांगायची त्या ऐकत तिची पाठ पुसायची. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ मेव्हिसला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं. आयव्हीही तेव्हा हसत असायची. ते हसणं कशासाठी असेल, याचा मेव्हिसने कधी विचार केला नव्हता.

क्लिफर्डने घसा खाकरला. नाताळात तो टबातून निघताना पडला होता आणि बराच वेळ तिथेच पडून होता, हे त्याने आज पहिल्यांदा सांगितलं. मग दुसरं कुणी खोलीतल्या ओलीबद्दल बोललं. तिसरीने सांगितलं की रात्री न्हाणीघरापर्यंत जावं लागू नये म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नाही. कॅलमने हात वर करायला सांगितले, तेव्हा स्टॅनने खाली बघतच हात वर केला. सगळ्यांत शेवटी मेव्हिसने केला.

"मग कधी?" आयव्हीने विचारलं.

कॅलमने लपवाछपवी केली नाही. आजपासून इथे नवा माणूस घेणार नाही, मोठी दुरुस्तीही करणार नाही, तो म्हणाला. आसपासच्या गावांत घरं रिकामी होतील तसं एकेकाला हलवू. ज्यांना चालता येतं ते आधी जातील, कारण साधी घरं लवकर मिळतात. चाकाच्या खुर्चीची घरं मोजकीच आहेत, त्यांना रांग आहे. दोन वर्षं, कदाचित तीन.

"म्हणजे मी शेवटची."

"तोवर आम्ही बाई पाठवू ना," कॅलम घाईने म्हणाला. "अंग पुसायला. रोज तीच येईल असं नाही सांगता येत, पण कुणीतरी येईल."

आयव्हीने मान डोलावली आणि कार्डिगनची बटणं लावून घेतली.

कॅलम गेल्यावर क्लिफर्ड आणि स्टॅनने खुर्ची उचलली. मेव्हिस आयव्हीची उशी घेऊन मागून चढू लागली. मी कुठेही जाणार नाही, घर दिलं तरी घेणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आयव्ही म्हणाली, "जाशील गं. जायलाच पाहिजे." तिच्या आवाजात राग नव्हता. मेव्हिसला तो असता तर बरं वाटलं असतं.

जिन्याच्या वळणावर दोघांना दम लागला. त्यांनी खुर्ची टेकवली आणि कठड्याला धरून उभे राहिले. आयव्ही खाली बैठकीच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"तुम्ही दोघं निघालात ना, की त्या दिवशी मला आधी खाली आणून ठेवा," ती म्हणाली. "मग जा."