झाकलेलं बटण

तैवानमधल्या शिन्चूच्या एका वृद्धाश्रमासाठी मी भेटायला येणाऱ्यांच्या नोंदणीचा प्रोग्रॅम करत होते. पडद्यावरच्या चौकटी बनवायच्या आमच्या टूलमध्ये एक बग होता. ‘ठीक’ आणि ‘रद्द’ या बटणांशेजारी ते आपणहून तिसरं, बिननावाचं बटण टाकायचं. पुसलं की पुन्हा हजर.

शेवटी मी त्याच्यावर एक राखाडी पट्टी चढवली आणि आमच्या टीमच्या लियाओदादांना सांगितलं, "गेलं एकदाचं."

"शाब्बास!" म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या कॉम्प्युटरवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात ते. मला मान वर करवेना.

आठवड्याभरात वृद्धाश्रमातून बोलावणं आलं. लियाओदादा आणि मी गेलो. काउंटरवरच्या पेंगताई म्हणाल्या, "माऊसला हात लावू नका. नुसतं बघा."

राखाडी पट्टी आत दबली. वर आली. पुन्हा दबली.

"ही पट्टी कसली?" लियाओदादांनी मला विचारलं.

"खाली बटण आहे," माझे कान तापले होते. "गेलं नव्हतं ते. मी झाकलंय."

"तरीच बिचारं ठोठावतंय," पेंगताई म्हणाल्या. "झाकताना त्याला विचारलं होतंस का, पोरी?"

मी तिथेच बसून पट्टी काढली. खाली ते बटण होतं, अजून बिननावाचं. कोणीतरी बोट दाबून धरावं तसं आत गेलेलं, आणि तसंच राहिलेलं.

"चुकलं माझं," मी पुटपुटले.

"असू दे गं," लियाओदादा म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांची माफी मागतेय.

बटण सावकाश वर आलं.