वाजत्या वहाणा

हिलाल चांभाराने नव्या वहाणा भिकूच्या पायांपुढे ठेवल्या, तशी तिची सासू धुरपदाबाई पुढे सरकून बसली. तिची नजर पायांवर नव्हती, सुनेच्या तोंडावर होती.

चार वर्षं ही पोर कपाशीत अनवाणी राबली. काटा मोडला तर काढायची आणि पुन्हा कामाला लागायची. गेल्या बाजाराला एकदम म्हणाली, "आत्याबाई, माले वहाना पायजेत." तेव्हाच सासूच्या मनात पाल चुकचुकली. तिने हिलालला बजावलं होतं, "वाजत्या कर." दोन कातड्यांच्या मध्ये बिया घातल्या, की वहाण पावलागणिक करकरते. सून कुठे आहे ते चुलीपुढे बसून कळतं.

भिकूने पाय घातला. अंगठा दाबून पाहिला, टाच उचलून पाहिली.

"टाच सैल शे," ती म्हणाली. "लांब चालनं तं सोलाई जाई."

"वावर कितलं लांब शे तुमनं?" हिलाल हसला.

भिकूने तळ जमिनीवर घासून पाहिला. "आनी तळ? मुरूमवर टिकी का?"

गावापासून शेतापर्यंत नुसती काळी माती. मुरूम लागतो एरंडोलच्या रस्त्याला, आणि एरंडोलच्या पलीकडे भिकूचं माहेर.

"कोठे जावानं शे तुले?" धुरपदाबाईने विचारलं.

"कोठेच नही."

भिकू पट्टा ओढायला वाकली आणि पदर सरकला. डाव्या हातात एकही बांगडी नव्हती. मनगट निळं पडलं होतं. परवा नवऱ्याने, चिंधाने, तो हात पिरगाळला, तेव्हा धुरपदाबाई पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोटच्या पोराची तिला लाज वाटली. सुनेचा रागही तेवढाच आला.

धुरपदाबाईने स्वतःच्या भेगाळल्या टाचांवरून हात फिरवला.

"मी बी निंघनी व्हती एक डाव," ती म्हणाली. "अनवानी. एरंडोललगून पाय फुटी गयात. सासरानी तठून धरी आनं माले."

भिकूने मान वर केली. म्हातारी बोलतं करून पकडते आहे, असंच तिला वाटलं.

"हिलाल, बिया काढी टाक."

"अक्का, तुमीनच तं सांगं व्हतं."

"काढ. टाच आवळ. तळले आखो एक कातडं लाव."

हिलालने टाके उसवले, बिया झटकल्या आणि पुन्हा शिवलं. भिकू उभी राहिली.

"रस्त्यावरना निंबलगून चाली पाह्य," सासू म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

मिरचीवाल्याची हाक आली. एरंडोलची मोटार खडखडत गेली.

"निंबना पुढे गई, अक्का," हिलाल हळूच म्हणाला.

धुरपदाबाईने डोळे उघडले नाहीत.

"चिंधा इचारी तं सांगसू," ती म्हणाली. "माले काहीच ऐकू उनं नही."